‘माझं गाव’ म्हणजे नेमकं कुठलं?

आपल्या कार्यक्रमांत मुलांची चित्रकला स्पर्धा असली, की ‘माझं गाव’ हा विषय हटकून असतो. चित्रंही ठरलेली: दोन डोंगर, मधे सूर्य, कौलारू घर आणि नारळाचं झाड. आता मला सांगा, दिलसुखनगर, मलकपेट, सरूरनगरमधल्या आपल्या बहुतेक घरांचं मूळ नांदेड, उदगीर, परभणी, बीडकडचं. तिथं नारळ कुठून आला? आपल्या गावाकडं काळी माती, दगडी भिंती, वर मातीचं माळवद, अंगणात कडुलिंब. पोरांना ते माहीत नाही, कारण कुणी सांगितलंच नाही.

‘गाव सोडून आलो’ असं आपण म्हणतो. पण आपल्यातल्या कितीतरी घरांच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे. शिक्षणासाठी, कोर्ट-कचेरीच्या कामासाठी, नोकरीसाठी आजोबा-पणजोबा हैदराबादला आले, ते आपल्याच राज्याच्या राजधानीत आले होते. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात. माणसं जागीच राहिली, हद्द हलली. या हुरहुरीचं चित्र कॅलेंडरवरच्या कोकणात कसं सापडणार?

इथं मला मकबूल फिदा हुसेन आठवतात. त्यांच्या काही चित्रांवरून आपल्या घरांतही वाद झालेत, तो वाद आज नको. मी फक्त त्यांच्या आईबद्दल बोलतोय. हुसेन जन्मले पंढरपूरला. अगदी तान्हे असतानाच आई गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, तिचा फोटोही नव्हता. जन्मभर ते तिला नऊवारीच्या घड्यांत शोधत राहिले आणि तिचा चेहरा कोरा ठेवत राहिले. मदर तेरेसांच्या त्यांच्या चित्रांतही चेहऱ्याची जागा रिकामीच असते. मनात आणलं असतं तर एखादा सुंदर चेहरा काढणं त्यांना काय अवघड होतं? पण जे आठवत नाही ते त्यांनी उसनं आणलं नाही. याच माणसानं आपल्या हैदराबादेत ‘सिनेमा घर’ उभारलं, २००६ साली देश सोडला आणि २०११ला लंडनमध्ये देह ठेवला.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचंच. थोटा वैकुंठम हे करीमनगर जिल्ह्यातल्या बुरुगुपल्लीचे. शिकायला बडोद्यापर्यंत गेले, पण काढल्या त्या आपल्या गावच्याच बायका. सावळ्या, ठसठशीत कुंकवाच्या, भडक रंगाच्या लुगड्यातल्या. लहानपणी आईला आणि गावातल्या बायकांना जसं पाहिलं, तसं. ती चित्रं आज सगळे ‘तेलंगणाची चित्रं’ म्हणून ओळखतात. एका माणसानं स्वतःचं गाव नीट आठवलं, म्हणून ते सगळ्यांचं झालं.

माझं म्हणणं एवढंच: मुलांना तयार ‘महाराष्ट्र’ देऊ नका. घरातली खरी आठवण द्या, अर्धीमुर्धी असली तरी चालेल. माळवदावरून पाऊस गळताना कुठं कुठं भांडी ठेवायचे, वाळवण कुठं घालायचे, आजी ज्वारी दळताना कुठं बसायची, हे विचारून काढू द्या. आठवत नाही तेवढी जागा कोरी राहू द्या.

आणि ज्या मुलाला स्वतःचं म्हणून दिलसुखनगरच आठवतं, त्यानं मेट्रोचे खांब, साईबाबा मंदिराची गुरुवारची गर्दी, कोचिंगच्या पाट्या आणि चौथ्या मजल्यावरची आपली गॅलरी काढली तर तेही ‘माझं गाव’च. यावर कुणी म्हणेल, मग मराठीपण काय उरलं? अहो, गॅलरीत तुळस आहे, दारात रांगोळी आहे, आत आजी मराठीतून रागावतेय. पोरगं बघून काढेल तर हे सगळं आपोआप येईल.

१९५६ला जी मुलं दहा वर्षांची होती, ती आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या वेळचं गाव डोळ्यांनी पाहिलेली आपल्यातली हीच शेवटची माणसं. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर या रविवारी नातवंडाला त्यांच्याशेजारी कागद-पेन्सिल देऊन बसवा. काय निघालं, ते इथं जरूर कळवा.