विश्लेषण : गल्ला सहा हजारांचा, मदत दोनशेची? विद्यार्थ्यांच्या फूड स्टॉलचा हिशेब

डिसेंबर-जानेवारी हा कॉलेजांच्या गॅदरिंगचा आणि शाळांच्या आनंद मेळाव्यांचा हंगाम. मैदानात टेबलं लागतात, भेळ, मिसळ, सँडविच, कोकम सरबत विकलं जातं आणि एखाद्या टेबलावर पाटी असते : 'सर्व उत्पन्न सामाजिक कार्यासाठी'. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर गल्ल्याचा आकडा झळकतो. त्यातले संस्थेच्या हातात किती पडले, हे मात्र क्वचितच कळतं. अशा स्टॉलची खरी परीक्षा याच दुसऱ्या आकड्यात आहे.

गल्ला म्हणजे मदत का नव्हे?

कागदावर एक उदाहरण मांडू. भेळेची प्लेट ३० रुपयांना. कुरमुरे, फरसाण, शेव, कांदा, बटाटा, चटण्या, द्रोण आणि चमचा मिळून प्लेटमागे खर्च १६ रुपये, उरले १४. एकदाच होणारा खर्च वेगळा : स्टॉलचं भाडं १,५००, फ्लेक्स ६००, टेबल आणि भांडी ५००, एकूण २,६००. हा भरून निघायलाच १८६ प्लेट विकाव्या लागतात. २०० प्लेट गेल्या, तर गल्ला ६,००० रुपये, खर्च ५,८०० आणि मदत फक्त २०० रुपये. दहा जणांनी दिवसभर राबून प्रत्येकी वीस रुपये दिल्यासारखं झालं.

आता कॉलेजने भाडं माफ केलं आणि फ्लेक्सऐवजी फळ्यावर खडूने नाव लिहिलं, तर उरतात २,३०० रुपये. विक्री तेवढीच, मदत अकरा पटींहून जास्त. म्हणून मेनूच्या आधी भाड्याचं बोलून घ्यावं. पदार्थही विचार करून निवडावा. मिसळीचा उरलेला रस्सा वाया जातो. भेळ मात्र गिऱ्हाईक आल्यावर कालवता येते आणि फरसाणाची न फोडलेली पाकिटं दुकानदाराला परत देता येतात.

घरून आलेलं सामान फुकट असतं का?

नसतं. कोणाच्या आईने पहाटे उकडलेले बटाटे, कोणाच्या काकांच्या दुकानातून आलेली शेव, हीसुद्धा देणगीच आहे. ती वहीत तशी लिहावी. नाहीतर नफा फुगलेला दिसतो आणि पुढच्या वर्षीची बॅच त्याच भरवशावर फसते.

चांगल्या कामाला नियम लागू होतात का?

होतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधल्या अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा न कमावणारेही येतात. २०११च्या परवाना आणि नोंदणी नियमांनी तात्पुरत्या स्टॉलवाल्यांना छोट्या व्यावसायिकांत धरलं आहे. प्रत्येक टीमला एकटं धावायला लावण्यापेक्षा आयोजक कॉलेजनेच अन्न व औषध प्रशासनाकडे आधी चौकशी करावी.

कायद्याइतकीच पोटाचीही काळजी हवी. चटणीसाठी उकळून गार केलेलं पाणी, गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. पैसे घेणाऱ्याने भेळ कालवू नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या प्लेट आणि चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

क्यूआर कोड कोणाचा?

अनेकदा टीममधल्याच एखाद्याचा वैयक्तिक. त्याच्यावर कोणी संशय घेत नसेल. पण खात्री करून घेण्याची सोयही कोणाला नसते. शक्यतो कॉलेजच्या खात्याचा कोड लावावा. ते जमत नसेल, तर स्टॉल बंद होताच रोख आणि ऑनलाइन जमा दोघांनी मोजून शिक्षकांची सही घ्यावी.

शेजारी देणगीचा डबा ठेवला, तर मामला बदलतो. ती विक्री नव्हे, वर्गणी. गणेश मंडळांना वर्गणीसाठी ज्या 'कलम ४१ क'खाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते, त्याच कलमात धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणंही येतं.

मग थेट पैसेच का देऊ नयेत?

प्रश्न रास्त आहे. दहा जणांनी २३० रुपये काढले, तरी तेवढीच रक्कम होते, तीही कांदा न चिरता. पण वर्गात सगळ्यांच्याच खिशात २३० रुपये नसतात. वर्गणी काढली की कोणी पटकन देतो, कोणी मान खाली घालतो. स्टॉलवर मात्र कांदा चिरणारा आणि फरसाण आणणारा यांचा वाटा सारखाच. स्काउट-गाइडच्या 'खरी कमाई' उपक्रमातही हाच विचार आहे : मागून आणलेल्या पैशांपेक्षा कष्टाने मिळवलेले मोलाचे. स्टॉल लावण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण आहे, आणि म्हणूनच त्या कष्टाचा हिशेब धूसर राहणं खटकतं.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या पाटीवर 'सामाजिक कार्य' असं मोघम न लिहिता नेमकं काम लिहावं : अमुक वसतिगृहातल्या मुलांसाठी वह्या. आणि आठवडाभरात नोटीस बोर्डवर दुसरी पाटी लावावी : गल्ला किती, खर्च किती, दिले किती, सोबत संस्थेची पावती. आकडा लहान असला तरी लावावा. पुढच्या वर्षी त्याच टेबलासमोर तीस रुपये काढताना गिऱ्हाईक तोच आठवणार आहे.