तुटलेल्या पात्याची साक्ष

ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे 24 वर्षांचा एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवर चाचणी घेत होता. इंजिन मारुती 800 मोटारीचे होते. शेपटीकडील पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, मुख्य पंख्याचा घाव डोक्यावर बसला आणि तो तरुण गेला. सर्वत्र हळहळ झाली. पंखा नेमका का तुटला, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

मोटारीचे इंजिन हवाई यंत्राला बसवणे हा निव्वळ वेडेपणा नव्हे. जगभरातील हौशी लोक फोक्सवॅगनची इंजिने वापरून विमाने उडवत आले आहेत. पण रस्त्यावर धावणारी मोटार एरवी इंजिनाची थोडीच ताकद वापरते. विमानात ते बराच काळ जवळपास पूर्ण जोराने चालते. शिवाय इंजिन वेगाने फिरते, पंखा त्यामानाने सावकाश फिरवावा लागतो. त्यासाठी मध्ये पट्टा किंवा गिअर येतो आणि त्यासोबत कंपनेही येतात. या कंपनांमुळे वेल्डिंगच्या जोडापाशी केसाएवढी चीर पडू शकते आणि ती हळूहळू वाढत जाते.

ही चीर पुरावा मागे ठेवते. थकून तुटलेल्या धातूवर बहुधा शिंपल्यासारखी वलये दिसतात. एका झटक्यात तुटलेला भाग वेगळा, खडबडीत दिसतो. तपासनीस सूक्ष्मदर्शकाखाली हेच वाचतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये घरगुती विमानांच्या अपघातांचा असाच अभ्यास केला. इंजिन बंद पडणे आणि विमानावरील ताबा सुटणे, ही प्रमुख कारणे निघाली. त्यावरून पहिल्या उड्डाणाआधी इंधनपुरवठ्याची चाचणी घेण्याची शिफारस झाली.

आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण ब्यूरो आहे. त्याच्या नियमांनुसार तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा असतो, दोषी ठरवणे हा नव्हे. गावातल्या शेडमधील अपघातालाही हीच दृष्टी हवी. नुसती अकस्मात मृत्यूची नोंद करून सांगाडा भंगारात जाऊ नये. तुटलेला भाग जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने तपासावा आणि निष्कर्ष सोप्या मराठीत जाहीर व्हावा.

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव वैमानिक होते. तरीही त्यांच्या विमानाची नोंदणी व्हायला 2017 उजाडले. महामार्गावरच्या नळदुर्गसारख्या गावातील वेल्डिंगच्या दुकानात बसलेल्या पोराला ही वाट कोण दाखवणार? त्याला बंदीची पाटी अडवू शकणार नाही. यंत्र जमिनीला जखडून, वाळूच्या पोत्यांआडून, दुरूनच चालवून पाहावे, एवढे कोणी वेळीच सांगितले तरी एखादा जीव वाचेल. फुलसावंगीच्या तरुणाचे कौतुक पुष्कळ झाले. त्याच्या अपघातातून शिकणे अजून बाकी आहे.