तडजोडीनंतरचे काम

आपल्या माळव्याला लागून असलेल्या राजस्थानच्या विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या अधिकाराचे विधेयक संमत केले. अपघात, सर्पदंश वा तत्सम तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार व्हावेत आणि रुग्णाने खर्च न दिल्यास तो शासनाने भरून द्यावा, हा त्याचा गाभा. खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध सुमारे दोन आठवडे आंदोलन केले. ४ एप्रिलला समझोता झाला. शासकीय सवलतीची जमीन वा इमारत न घेतलेली खासगी रुग्णालये, तसेच ५० पेक्षा कमी खाटांची खासगी बहुविशेषज्ञ रुग्णालये कायद्याबाहेर राहतील, असे ठरले. डॉक्टरांनी विजय साजरा केला. आरोग्यहक्कासाठी झटणाऱ्या पुरोगामी मंडळींना मात्र शासनाने तोंडाला पाने पुसल्यासारखे वाटले. माझ्या मते हा विजय आणि ही निराशा, दोन्ही घाईची होती.

डॉक्टरांची भीती निराधार नव्हती. पैसे किती दिवसांत आणि कोणत्या निधीतून मिळणार, हे विधेयकात स्पष्ट नव्हते. शासकीय योजनांची देयके कशी रखडतात, हे दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालविणाऱ्यास सांगावयास नको. परंतु आमच्या व्यवसायबंधूंनी पैशाच्या हमीऐवजी कायद्यातून सुटका मागितली.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला ही सुटका विशेष खुपते. मध्यरात्री झटके येणाऱ्या बालकाला आईबाप प्रथम जवळच्या छोट्या रुग्णालयात नेतात. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला की प्रत्येक मिनिट मोलाचे असते. समझोत्याने नेमके तेच दार वगळले. शिवाय शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने तातडीच्या रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी उपचार केलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे कर्तव्य होते तसेच राहिले. गेली ती केवळ खर्चाची हमी!

आता पुरोगामी मित्रांविषयी. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्ये मांडले. तेव्हापासूनची प्रतीक्षा पाहता त्यांचा संताप मी समजू शकतो. तरीही निम्मा का होईना, कायदा हाती आला होता. राज्यपालांची संमती एप्रिलमध्येच मिळाली. उरले होते नियम. समझोत्यातील सवलती विधानसभेच्या संमतीनंतर ठरलेल्या, म्हणून त्यांनाही नियमांचाच आधार लागणार होता. पाठपुरावा करणारे थोडे राहिले. बाकीचे ‘कायदा पोकळ झाला’ म्हणत बाजूला झाले, असे मला दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले, तोवर नियम झालेच नव्हते. रुग्णाचा हक्क कागदावर राहिला आणि डॉक्टरची सवलतही.

लोकशाहीत तडजोड अटळ असते आणि तीत कमीपणा नाही. कमीपणा आहे तो तडजोड करून हात झटकण्यात. उद्या मध्य प्रदेशात असा कायदा येऊ घातला, तर आपल्या संघटनेने पहिल्याच दिवशी तीन मागण्या कराव्यात: तातडीच्या आजारांची स्पष्ट यादी, स्वतंत्र निधी आणि ठरावीक मुदतीत परतफेड. त्या बदल्यात रुग्ण स्थिर होईपर्यंतच्या उपचारांची जबाबदारी लहानमोठ्या सर्व रुग्णालयांनी स्वीकारावी. पुरोगामी मित्रांनीही डॉक्टरांच्या या मागण्या आपल्याच मानाव्यात. त्या मान्य झाल्यावाचून रुग्णाचा हक्क रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचणार नाही.