यंत्र तपासायला इंजिनिअर, पण विष ओळखणार कोण?

शेतकरी मंडळी, कारखान्यांची तपासणी हा शहरवाल्यांचा विषय, असे आपण समजतो. पण औद्योगिक वसाहतीत रातपाळीला जाणारी पोरे कुणाची? दोन एकरांत भागत नाही म्हणून गेलेली आपल्याच घरची. त्यांच्या जिवासाठी सरकार कारखाना निरीक्षक नेमते. तो निरीक्षक काय शिकलेला आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

भोपाळचेच बघा. शेतात फवारायचे 'सेविन' औषध बनवणाऱ्या युनियन कार्बाइडमधून २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या वेळी मध्य प्रदेशात आठ हजारांवर कारखान्यांना अवघे १५ निरीक्षक होते. भोपाळ भागाचे निरीक्षक यंत्र-अभियंते. रसायनांची त्यांना फारशी जाण नव्हती. फिरत्या पट्ट्याला जाळी आहे की नाही, हे ते सांगू शकत. वायूच्या टाकीत पाणी शिरले तर काय होईल, हे ओळखायला रसायनाचा जाणकार लागतो.

डॉक्टरचेही तसेच. जिनिंगमधली कापसाची धूळ किंवा खडी फोडणाऱ्याच्या छातीत बसलेली दगडाची भुकटी एका दिवसात दिसत नाही. सिलिकोसिस झालेला गडी कैक वेळा क्षयाचीच औषधे घेत बसतो.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. वैद्यक, अभियांत्रिकी, वीज आणि रसायन यांतले तज्ज्ञ तपासणीत असावेत, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार (क्रमांक ८१) भारताने १९४९ मध्येच मान्य केला. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे वेगळे प्रकरण घातले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी श्रमसंहिता लागू झाली आणि निरीक्षक आता 'सुविधाकार'ही झाला. दारावरची पाटी बदलली, ठीक आहे. पण आतल्या खुर्चीत माणूस आहे का, आणि असला तर त्याला रसायन कळते का? कायदा कितीही कडक केला तरी टाकीजवळ जाऊन वास ओळखणारा माणूस लागतोच. विहीर खोदली, पण मोट ओढायला बैलच नाहीत, तर पिकाला पाणी कसे मिळणार?

तेव्हा वाचकहो, एक काम करा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे टाका. आपल्या जिल्ह्यासाठी निरीक्षकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांत रसायनाचे आणि वैद्यकाचे जाणकार किती, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचा.