ओले यीस्ट : आणावे कोठून, राखावे कसे?

खेड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. बचत गटातील पाचसहा जणी मिळून घरच्या भट्टीत लादीपाव करतात आणि रस्त्यावरच्या वडापाववाल्याला देतात. पुण्याहून आणलेल्या ओल्या यीस्टच्या वडीवर पहिला घाणा सुरेख फुगला. दहाबारा दिवसांनी त्याच वडीवर केलेले पाव विटेसारखे बसले. चार किलो मैदा वाया गेला, शिवाय गिऱ्हाईक तुटायची वेळ आली. त्या विचारतात, वडी खोटी होती काय?

वडी खोटी नव्हती ताई, ती मेली होती. यीस्ट हे औषध नव्हे की पावडर नव्हे. ती डोळ्यांना न दिसणारी एकपेशी बुरशी आहे. साखर खाऊन ती कर्बवायू सोडते आणि त्या वायूने पीठ फुगते. फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ पासून पुढे हे प्रयोगांनी दाखवून दिले, की आंबणे हे जिवंत पेशींचे काम आहे. आपल्या उसाचाही येथे संबंध येतो. कारखान्यात साखर काढून झाल्यावर जो काळा, काकवीसारखा मोलॅसिस उरतो, त्यावरच यीस्ट वाढवतात, मग गाळून, दाबून त्याच्या वड्या पाडतात. अशा वडीत सुमारे सत्तर टक्के पाणी असते. म्हणजे ती दुधाइतकीच नाशवंत. सोयाबीनच्या बियाण्याला लावायचे रायझोबियम आपण उन्हात ठेवत नाही, तारीख बघून घेतो. तीच रीत येथे पाळावी.

आता हिशेब करू. एक किलो मैद्याला २० ते २५ ग्रॅम ओले यीस्ट लागते. अर्ध्या किलोच्या वडीवर २० ते २५ किलो मैदा निघतो. शहरातल्या बेकरीत ही वडी एका दिवसात संपते. आठवड्याला चार किलो मैदा भिजवणाऱ्या गटाला मात्र ती पाचसहा आठवडे पुरेल, आणि चांगल्या फ्रिजमध्येसुद्धा ती तीनचार आठवड्यांपलीकडे भरवशाची राहत नाही. खरी अडचण ही आहे. वडी बेकरीच्या मापाची, घर आपल्या मापाचे.

म्हणून पुण्याला धावण्याआधी तालुक्याच्या गावची बेकरी गाठावी. जी बेकरी रोज पाव काढते तिच्याकडे यीस्ट असतेच. ताजा माल कोणत्या वारी येतो ते विचारून ठेवावे आणि शंभर ग्रॅम मागावे. रोख पैसे दिले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. फक्त बिस्किटे, नानकटाई करणाऱ्याकडे विचारून उपयोग नाही, कारण त्यांना यीस्ट लागत नाही. पुण्याची प्रसिद्ध श्रूजबेरी बिस्किटेही त्यावाचूनच होतात. पुण्यातच घ्यायचे तर बेकरीचे साहित्य विकणाऱ्या दुकानात, थंड कपाटातून काढून दिलेलेच घ्यावे. फळीवर उघडी ठेवलेली वडी फुकट दिली तरी नको.

पारख सोपी आहे. चांगली वडी फिकट बदामी असते, मोडली की कुरकुरीत तुटते, वास ओल्या मातीसारखा, किंचित फळासारखा येतो. तपकिरी, बुळबुळीत, उग्र वासाची वडी परत करावी.

एस.टी.चा प्रवास हा दुसरा धोका. एप्रिल-मे महिन्यांत पिशवीत ठेवलेले यीस्ट घरी येईतो अर्धे गारद होते. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये तळाला बर्फ, वर फडके आणि त्यावर कागदात गुंडाळलेली वडी ठेवावी. बर्फाचे पाणी वडीला लागू देऊ नये.

घरी आणल्यावर लगेच २५-२५ ग्रॅमचे तुकडे करावेत. त्याला कोरडी सुरी वापरावी. आठवड्याचे तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळून सैल झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावेत. दारातल्या कप्प्यात नकोत, तेथे दर वेळी गरम हवा लागते. दोन ते चार अंश सेल्सिअस तापमान उत्तम. वीज जाते त्या गावी शेजारी गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवावी आणि दार उघडू नये. उरलेले तुकडे बर्फाच्या कप्प्यात दोनेक महिने टिकतात, पण गोठल्याने काही पेशी मरतात, तेव्हा ते थोडे जास्त घालावे आणि एकदा काढलेला तुकडा पुन्हा गोठवू नये. माठाच्या ओल्या फडक्यात फार तर एक दिवस निभावतो.

आणि मैदा भिजवण्याआधी परीक्षा घ्यावीच. अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर, त्यात यीस्टचा तुकडा कुस्करावा. पाणी बोटाला सुखाचे वाटेल इतपतच असावे. कढत पाण्याने यीस्ट जागीच मरते. दहापंधरा मिनिटांत फेस आला तर मैदा काढावा, नाही तर नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे चार किलो या अर्ध्या वाटीने वाचले असते. मीठ मात्र यीस्टवर थेट टाकू नये, पिठात मिसळावे.

फ्रिज नाही, बेकरीही जवळ नाही, अशा घरी आमचे स्पष्ट मत कोरड्या यीस्टचे. बेकरीवाले ओल्याची चव वाखाणतात, ते खरे असेलही. पण वडापाववाला चवीआधी फुगलेला पाव मागतो. ओले ३० ग्रॅम लागते तेथे बारीक दाण्याचे झटपट यीस्ट १० ग्रॅम पुरते. बंद पाकीट बराच काळ टिकते. फोडल्यावर मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड जागी ठेवावे.

गोव्यातले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेवर पीठ फुगवीत, ते तेथे रोज ताजी सूर मिळे म्हणून. इडली-आंबोळीचे आंबवण पावाला चालेल का, असेही काही जणी विचारतात. त्यात मुख्यतः जिवाणूंचे काम असते. पाव आंबट होतो आणि हवा तसा वर येत नाही.

बिघडलेले यीस्ट उकिरड्यात पुरावे. आंबलेले पीठ जनावरांच्या गव्हाणीत टाकू नये, पोट फुगते.