पणजोबांचे बकल भंगारात कशासाठी?

गेल्या पावसाळ्यात नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम करणारा तरुण आमच्याकडे आला. कोर्टाचे काम नव्हते. "वकीलसाहेब, आमचे पणजोबा मिलिटरीत होते एवढंच घरात सांगतात. कुठल्या पलटणीत होते ते कसं शोधायचं?" कागद एकही नाही. पट्टा होता, तो आईने महिन्यापूर्वी घर आवरताना भंगारात घातला, हे त्याने मान खाली घालून सांगितले. आम्ही त्याच्याच मोटारसायकलवर बसून भंगारवाल्याकडे गेलो. पितळ भट्टीला गेले होते. कातडी पट्टा मात्र कोपऱ्यात पडून होता, कातड्याला कोणी भाव देत नाही म्हणून वाचलेला. त्याच्या आतल्या बाजूला ठोकलेले चार आकडे वाचता येतात. पुढचे झिजले आहेत.

बकल कसे होते, असे त्याच्या आईला विचारले. माउली म्हणाली, "त्याच्यावर खांबासारखं कायतरी बसवलेलं होतं. आजेसासरे दर रविवारी चिंचेनं घासायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत."

खांब! वाचकहो, हा खांब कोणता ते आपल्याला सांगावे लागू नये. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा कोरेगावचा विजयस्तंभ. ज्याच्यावरील मृतांच्या ४९ नावांत २२ नावे 'नाक' प्रत्ययाची आहेत आणि ज्याला १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी भेट दिली, तोच. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, तेव्हा टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता आणि त्यावर 'महार' हे अक्षर होते. १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, बिल्ल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभाची जागा खंजिराने घेतली. टोपीचा बिल्ला डाग देऊन पट्ट्याच्या बकलावर बसवायचा, कडेने नक्षी कोरायची, ही शिपायांची जुनी हौस आहे. म्हणजे त्या माउलीने जे पाहिले, ते बहुधा आजेसासऱ्यांनी स्वतः सजवलेले बकल असावे. आणि खांब होता, तर त्यांची भरतीही बहुधा दुसऱ्या महायुद्धातलीच. आमच्या हाती आलेला पुरावा एवढाच, आणि तोही एका बाईच्या आठवणीतला.

आपल्याकडे पोलीस शिपायाच्या नंबरला आजही 'बक्कल नंबर' म्हणतात. कमरेच्या पितळेवर माणसाची ओळख असायची, हे आपल्या भाषेने असे जपून ठेवले आहे. आमच्या समाजाच्या बाबतीत तर या कमरेला आणखी एक इतिहास आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. त्याच कमरेला पलटणीचे पितळी बकल आले. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ही भरती बंद केली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अर्ज केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून १९१७ साली १११ महार ही पलटण उभारली आणि काम संपताच १९२१ साली मोडली. ते बकल म्हणजे असे दोनदा काढून घेतलेले आणि दोनदा झगडून मिळवलेले पितळ आहे.

काही सहकारी आम्हाला म्हणतात, इंग्रजांच्या चाकरीचे हे पितळ, त्याचे कौतुक कशाला? त्यांनी एक विचार करावा. सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. पलटणीने पगार दिला, शिपायाच्या पोराबाळांना शाळा दिली. आम्ही मुजरा इंग्रजाला करत नाही. त्या शिपायाचे नाव विसरायचे नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरीकडे जग काय करते ते पाहा. लष्करी बकले जमवणारे संग्राहक युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. पहिल्या महायुद्धातल्या 'गॉट मिट उन्स' लिहिलेल्या जर्मन बकलांवर तिकडे ग्रंथ लिहिले गेले. मुकुटाचा आकार पाहून ते राणीच्या काळाचे की राजाच्या काळाचे हे सांगतात. साच्यात दाबून काढलेले बकल रेखीव असते, त्यावरून ओतलेली नक्कल खरबरीत निघते आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून किंचित लहान भरते. ओतकाम जाणणाऱ्या नागापूरच्या कामगाराला हे वेगळे समजवायला नको. या संग्राहकांना आम्ही नावे ठेवत नाही. खरा संग्राहक वस्तू कोणाची, कुठून आली, हे लिहून ठेवतो. पण दलालाच्या हातून वस्तू गेली की पलटण उरते, शिपाई पुसला जातो. आमचे बकल मात्र दलालापर्यंतही पोहोचत नाही. ते किलोवर जाते. नगरमध्ये आर्मर्ड कोअरचे केंद्र आहे, १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. लांबून लोक रणगाडे पाहायला येतात, आणि त्याच गावात आमच्या माणसाचे बकल नळाच्या तोट्यांबरोबर वजनकाट्यावर पडते!

कायद्याचे दोन शब्द सांगणे आमचे काम आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. १११ महारचे बकल कोणाच्या ट्रंकेत असेल, तर तेही आता त्यात बसते. खासगी माणसाने ते देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड आहे. परवान्याशिवाय अशा वस्तूंचा धंदाही करता येत नाही. काही घरांत उलटीच भीती आढळते, की मिलिटरीचा पट्टा घरात ठेवला तर पोलीस धरतील. तसे काही नाही. पूर्वीच्या दंड संहितेचे कलम १४० आणि आता न्याय संहितेचे कलम १६८ हे सैनिक असल्याचे भासवण्यासाठी सैनिकाचा वेष वा खूण मिरवणाऱ्यासाठी आहे. वाडवडिलांची आठवण जपणाऱ्याला त्याची भीती नाही.

त्या तरुणाच्या वतीने पट्ट्यावरचे चार आकडे, पणजोबांचे नाव आणि गाव लिहून आम्ही सागरला महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला आहे. चार आकड्यांवर काय निघेल सांगता येत नाही. अजून उत्तर नाही.

येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्ही नागापूरच्या विहारात वही घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या घरी पट्टा, बकल, बिल्ला, बटण असेल त्यांनी घेऊन यावे. वस्तू आम्ही ठेवून घेणार नाही. दोन्ही बाजूंचा फोटो काढू, नंबर उतरवून घेऊ, माणसाचे नाव आणि घरात सांगतात ती हकीकत लिहू, आणि वस्तू तुमच्या हातात परत देऊ. येण्यापूर्वी ब्रासोने किंवा चिंचेने घासू नका. मागचा नंबर आधीच निम्मा झिजलेला असतो.