गोल मारणार कोण?

१४ ऑक्टोबर २०२५ ची संध्याकाळ वर्ध्यातल्या आम्हा फुटबॉलवेड्यांना अजून सलते आहे. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर छांगतेने १४ व्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली. मध्यंतर तोंडावर आलेले, बचावफळी सैल पडली आणि सिंगापूरने ४४ व्या मिनिटाला बरोबरी साधली. ५८ व्या मिनिटाला दुसरा गोल. १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले.

त्याआधी शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर पराभव. दरम्यान मार्केझ गेले, खालिद जमील आले. प्रशिक्षक बदलला, तरी आघाडीवर भरवशाचा खेळाडू दिसेना. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला चाळिशीत परत बोलवावे लागले, यातच सारे आले. आयएसएलमधले क्लब गोल मारण्याचे काम वर्षानुवर्षे परदेशी खेळाडूंवर सोपवतात. मग आपल्या पोरांना पेनल्टी बॉक्समध्ये खेळायची सवय लागणार कशी?

विदर्भाच्या क्रिकेटलाही एकेकाळी कोणी विचारत नव्हते. त्याच संघाने स्थानिक पोरांवर विश्वास टाकून तीनदा रणजी करंडक जिंकला. फुटबॉल महासंघाने तेवढाच धीर दाखवावा. प्रत्येक क्लबने आघाडीच्या फळीत एक तरी भारतीय खेळाडू सुरुवातीपासून खेळवलाच पाहिजे, असा नियम पुढच्या हंगामापासून करा.